सूक्ष्मजीव उकळून डीएनए काढायचा, तर खर्च किती?

पेट्रीडिशवर वाढलेल्या एका कॉलनीतून पीसीआरपुरता डीएनए काढायचा असेल, तर दोन वाटा आहेत. बाजारातलं स्पिन कॉलमचं किट घेतलं तर नमुन्यामागे साधारण १०० ते ३०० रुपये जातात. तीच कॉलनी थोड्या निर्जंतुक पाण्यात कालवून नळी दहा मिनिटं ९५ अंश सेल्सिअसला ठेवली, तर १० ते २० रुपयांत भागतं. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी पदरचे पैसे घालणारे विद्यार्थी, रसायनांचं वर्षाचं बजेट लाखाच्या आत बसवणारे विभागप्रमुख, नव्यानेच उघडलेल्या अन्न आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा, या सगळ्यांच्या दृष्टीने प्रयोग होणार की नाही हे या फरकावरच ठरतं.

ही पद्धत मला मनापासून आवडते. पण ती सगळीकडे स्वस्त पडत नाही. चुकीच्या जीवावर किंवा चुकीच्या कामासाठी वापरली, तर किटपेक्षा जास्त पैसे आणि कितीतरी जास्त दिवस खाते. पुढचे दर बजेट मांडण्यापुरते ढोबळ आहेत. कंपनी, सवलत आणि शहर यांनुसार ते हलतात. म्हणून शक्य तिथे हिशेबाची रीतच दिली आहे. तुमच्या कोटेशनमधला आकडा तिच्यात घाला, तुमचा खर्च निघेल.

नळीत नेमकं काय होतं

उष्णतेने पेशीचं आवरण सैल होतं, त्यातली प्रथिनं विस्कटतात आणि आतला ऐवज पाण्यात उतरतो. डीएनए कापणारी बहुतेक विकरंही त्याच उष्णतेत निकामी होतात, हा मोठा फायदा. ही युक्ती जुनी आहे. होम्स आणि क्विग्ली यांनी १९८१ मध्ये जिवाणूंमधून प्लाझ्मिड काढण्याची जलद पद्धत प्रसिद्ध केली, तिचा कणा उकळणं हाच होता. पुढे पीसीआर आलं आणि शुद्ध डीएनएची गरजच पुष्कळ कामांत उरली नाही. पीसीआरला मूठभर रेणू पुरतात, फक्त ते पेशीबाहेर आलेले हवेत आणि सोबत अडथळा आणणारा मळ कमी हवा.

ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूसाठी कृती अशी. ताज्या, म्हणजे रात्रभर वाढलेल्या कॉलनीचा टूथपिकच्या टोकाला लागेल एवढाच भाग १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात कालवा. ९५ ते ९८ अंशांवर दहा मिनिटं ठेवा. दोन-तीन मिनिटं बर्फावर ठेवा. १०,००० ते १२,००० जी वेगाने दोन ते पाच मिनिटं फिरवा आणि वरचं स्वच्छ पाणी, म्हणजे लायसेट, नव्या नळीत घ्या. पंचवीस मायक्रोलिटरच्या पीसीआरला यातलं एक ते दोन मायक्रोलिटर पुरतं.

इथे हमखास होणारी गडबड म्हणजे जास्त कॉलनी घेणं. जास्त घेतलं की जास्त डीएनए मिळेल असं वाटतं. मिळतो तो जास्त चिकटपणा, जास्त प्रथिनं, जास्त शर्करा, आणि मग बँड येत नाही. बँड आला नाही तर आधी लायसेट दहापट पातळ करून पाहा. त्याला एक थेंब पाणी लागतं, आणि कित्येकदा तेवढ्याने काम होतं.

एका नमुन्याचा हिशेब

उकळण्यात खरा खर्च प्लॅस्टिकचा. दीड मिलिलिटरच्या दोन नळ्या, फिल्टर असलेल्या तीन-चार टिप्स, थोडं न्यूक्लिएज-मुक्त पाणी. साधी नळी रुपया-दीड रुपयाला पडते, फिल्टर टिप तीन ते सहा रुपयांना. बेरीज १० ते २० रुपयांमध्ये कुठेतरी येते. साध्या टिप्स घेऊन इथे काटकसर करावीशी वाटते. करू नका. लायसेट ही डीएनएने गच्च भरलेली गोष्ट आहे. ते पिपेटच्या दांड्यात चढलं, तर पुढचे कित्येक दिवस रिकाम्या नळीतही बँड दिसत राहतो आणि पिपेट उघडून साफ करण्यात आठवडा जातो.

वीज नगण्य. अडीचशे वॅटचा ड्राय बाथ तापण्यासह अर्धा तास चालला तर युनिटचा आठवा भाग जळतो. युनिटला १५ रुपये धरले तरी दोन रुपयांच्या आत, आणि तेही चोवीस नळ्यांमध्ये वाटले जातात.

माणसाचा वेळ मात्र धरलाच पाहिजे, आणि तो कोणी धरत नाही. तंत्रज्ञाला महिना २५,००० रुपये आणि कामाचे २०० तास धरले, तर तासाला १२५ रुपये होतात. चोवीस नमुने उकळायला हाताचं काम पाऊण तासाचं, म्हणजे नमुन्यामागे चार रुपये. किटने तेच काम दोन तास घेतं, म्हणजे दहा रुपये. विद्यार्थी फुकट काम करतो म्हणून हा आकडा शून्य धरायचा, ही आपल्याकडची सवय मला पटत नाही. त्याचाही वेळ कुठून तरी येतोच.

आता किटकडे वळू. ९,००० रुपयांचं ५० नमुन्यांचं किट म्हणजे नमुन्यामागे १८० रुपये, असं कोटेशनवर दिसतं. तुमच्या प्रकल्पात बाराच नमुने असतील आणि उरलेलं किट मुदत संपेपर्यंत कपाटात पडून राहिलं, तर तुम्हाला ते नमुन्यामागे ७५० रुपयांना पडलं. छोट्या विभागांनी किट घ्यायचंच तर दोन-तीन प्रकल्पांत किंवा शेजारच्या महाविद्यालयाबरोबर वाटून घ्यावं. दहा नमुन्यांची चाचणी-पाकिटं काही कंपन्या देतात. विचारल्याशिवाय ती कोटेशनमध्ये दिसत नाहीत.

यंत्रं

तुमच्याकडे पीसीआर यंत्र असेल तर उकळण्यासाठी वेगळं काहीच घ्यावं लागत नाही. ०.२ मिलिलिटरच्या नळीत ५० मायक्रोलिटर पाण्यात कॉलनी कालवा आणि यंत्रालाच ९८ अंश, दहा मिनिटं असा कार्यक्रम द्या. त्याचं झाकण तापलेलं असतं, त्यामुळे वाफ वर साचत नाही आणि नळीही उघडत नाही. दिवसाला वीस-पंचवीस नमुन्यांपर्यंत मी हाच मार्ग सुचवेन.

त्याहून जास्त काम असेल तर ड्राय बाथ घ्या. भारतीय बनावटीचा, बारा ते चोवीस नळ्यांचा, साधारण १२,००० ते ४०,००० रुपयांत मिळतो. पाण्याचा वॉटर बाथ स्वस्त पडतो, पण त्याचे दोन त्रास आहेत. पाणी नळीच्या झाकणाशी पोहोचतं आणि नमुना दूषित होतो. शिवाय पाणी आपल्या उंचीप्रमाणेच उकळतं: पुण्यात साधारण ९८ अंशांवर, महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर ९५-९६ अंशांवर. दोन-चार अंशांनी ई. कोलायला काही फरक पडत नाही, चिवट जिवाणूंना पडतो. ‘उकळतंय म्हणजे शंभर’ असं नोंदवहीत लिहू नका, थर्मामीटर लावून जे दिसेल ते लिहा.

ड्राय बाथच्या पाटीवर दिसणारा आकडा आणि नळीतलं खरं तापमान यांतही अंतर असतं. नळीत पाणी घालून त्यात बारीक प्रोब सोडा आणि मधल्या व कडेच्या अशा दोन्ही खोबणींत मोजा. कडेची खोबण थंड निघाली तर ठेवायची वेळ दोन-तीन मिनिटांनी वाढवा. या तपासणीला पैसे लागत नाहीत.

नळी फिरवायला लागणाऱ्या भारतीय बनावटीच्या मायक्रोसेंट्रीफ्यूजला २५,००० रुपयांपासून दीड लाखापर्यंत मोजावे लागतात. बजेट नसेल तर सात-दहा हजारांचा छोटा टेबलावरचा मिनी सेंट्रीफ्यूजही चालतो. तो जास्त वेळ फिरवा आणि वरचं पाणी घेताना तळाला टिप लावू नका.

नळ्या मात्र नीट निवडा. ९५ अंशांवर आतली हवा फुगते आणि साध्या नळीचं झाकण फट्कन उडतं. उडालेला थेंब शेजारच्या नळीत पडतो किंवा श्वासात जातो. झाकणाला लॉक असलेल्या नळ्या थोड्या महाग असतात, नाहीतर ड्राय बाथवर ठेवायची प्लॅस्टिकची लॉक-क्लिप घ्या. झाकणाला सुईने भोक पाडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. रोगकारक जिवाणू असेल तर ती कधीही वापरू नका.

जीव कोणता, त्यावर सगळं ठरतं

खर्चाचा निर्णय पेशीभिंत पाहून घ्यायचा असतो. ई. कोलाय, साल्मोनेला, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास यांची भिंत पातळ असते; त्यांना उकळणं पुरतं आणि त्यांच्यासाठी किट घेणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे वाया घालवणं.

ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकनचे थरावर थर असतात. साखर आणि पेप्टाइडची ती जाळी उष्णतेने विरघळत नाही. पीसीआरपुरता डीएनए त्यातूनही झिरपतो, पण कमी आणि बेभरवशाने. बॅसिलससाठी उपाय सोपा आहे: लायसोझाइम मिसळून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवायचं आणि मग ९५ अंशांवर न्यायचं. १०० मायक्रोलिटरला १० मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटर या प्रमाणाने एक मिलिग्रॅम लायसोझाइम लागतं. एक ग्रॅमची बाटली १,५०० रुपयांना पडली तर नमुन्यामागे दीड रुपया. तोल इथेही उकळण्याच्याच बाजूने राहतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसची गोष्ट वेगळी. त्याच्या भिंतीवरच्या रासायनिक फेरफारामुळे लायसोझाइम त्याच्यावर चालत नाही. लायसोस्टॅफिन चालतं, पण ते महाग. प्रोटिनेज के आणि जास्त वेळ उष्णता, किंवा बारीक काचेच्या मण्यांसोबत नळी जोरात हलवून मग उकळणं, हे मधले मार्ग. प्रोटिनेज केचा हिशेब असा: नमुन्याला २० मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटरचे २० मायक्रोलिटर, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. १०० मिलिग्रॅमच्या बाटलीत २५० नमुने होतात. बाटली ५,००० रुपयांची धरली तर नमुन्यामागे २० रुपये. ५६ अंशांवर काम झालं की ९५ अंशांवर दहा मिनिटं ठेवून हे विकर मारावंच लागतं, नाहीतर ते पीसीआरमधलं पॉलिमरेज खाऊन टाकतं.

यीस्टला साधं पाणी पुरत नाही. २० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ९५ अंशांवर दहा मिनिटं ठेवलं तर कॉलनी पीसीआरचं काम होतं, आणि खर्च पैशांत मोजावा लागतो. अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीवर मात्र उकळण्याचा हट्ट धरू नका. कायटिनची भिंत यांत्रिक मारानेच फुटते. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू तर उकळत्या पाण्यात जिवंत राहतात. ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवून बाकीचे जीव मारून फक्त बीजाणू वेगळे काढण्याची रीतच आहे. तेव्हा मसाल्यात किंवा दूध पावडरीत बीजाणू शोधायचे असतील, तर आधी त्यांना रुजवून वाढवा आणि मग उकळा.

क्षयाच्या जिवाणूचा विचार वेगळ्या काळजीने करायला हवा. त्याच्या भिंतीत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो. तरीही उष्णता हाच त्याच्या रेणवीय तपासणीतला महत्त्वाचा टप्पा आहे. ‘लाइन प्रोब असे’ या चाचणीच्या एका प्रचलित पद्धतीत लायसिस द्रावणात ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवून मग ते द्रावण उदासीन करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शिफारस केलेल्या टीबी-लॅम्प चाचणीत थुंकीचा नमुना ९० अंशांवर पाच मिनिटं तापवतात. गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटमध्येही उष्णता आणि रसायनं मिळून पेशी फोडतात आणि डीएनए कार्ट्रिजमधल्या आधारद्रव्याला चिकटवून घेतात. या चाचण्या ज्यांच्या त्यांच्या किटप्रमाणेच करायच्या असतात. ‘आपण साधं पाणी वापरून पैसे वाचवू’ असा विचार रुग्णाच्या नमुन्याबाबत करू नये.

दुसरं, तापवलेली नळी म्हणजे मेलेला जिवाणू, असं धरू नका. क्षयाच्या दाट द्रावणात ८० अंशांवर २० मिनिटांनंतरही काही जिवाणू जिवंत राहिल्याची नोंद शास्त्रीय साहित्यात आहे. क्षयाच्या कल्चरवरचं काम त्यासाठी बांधलेल्या बंदिस्त प्रयोगशाळेतच व्हायला हवं. महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत ते कितीही स्वस्तात जमत असलं तरी करू नये. जाता जाता रुग्णांसाठी: राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत क्षयाची तपासणी मोफत होते. खासगीत हजारो रुपये भरण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा.

उष्णतेने केवढी बचत होऊ शकते हे कोविडच्या काळात आपण पाहिलं. नागपूरच्या नीरी संस्थेने २०२१ मध्ये मिठाच्या पाण्याने गुळण्या करून नमुना देण्याची पद्धत पुढे आणली. गुळणीचं पाणी एका द्रावणात मिसळून अर्धा तास सामान्य तापमानाला ठेवायचं आणि ९८ अंशांवर सहा मिनिटं तापवायचं, की आरटी-पीसीआरला लागणारा आरएनए तयार. स्वॅब नको, आरएनए काढायचं किट नको. हैदराबादच्या सीसीएमबीनेही कोरडा स्वॅब आणि उष्णता यांवर आधारलेली पद्धत विकसित केली आणि २०२० मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. किटांचा तुटवडा असताना अशा पद्धतींनी ग्रामीण भागात तपासणी पोहोचवणं शक्य झालं. विषाणूला पेशीभिंत नसते, म्हणून तिथे सहा मिनिटं पुरली, हेही लक्षात ठेवायला हवं.

चेलेक्स: मधला पर्याय

साधं पाणी आणि किट यांच्यामध्ये चेलेक्स-१०० नावाचे राळेचे बारीक कण आहेत. तापवताना धातूंचे आयन, विशेषतः मॅग्नेशियम, डीएनए मोडायला मदत करतात; चेलेक्स ते आयन पकडून ठेवतं. वॉल्श आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये न्यायवैद्यक नमुन्यांसाठी ही पद्धत मांडली आणि ती आजही वापरात आहे. ५ टक्के द्रावणाचे २०० मायक्रोलिटर म्हणजे नमुन्याला १० मिलिग्रॅम चेलेक्स. पन्नास ग्रॅमच्या बाटलीत ५,००० नमुने होतात. बाटली २५,००० रुपयांना पडली तरी नमुन्यामागे पाच रुपये.

पिपेटात घेताना कण तळाला बसतात, म्हणून द्रावण सतत हलवत ठेवा आणि रुंद तोंडाची टिप वापरा. ५६ अंशांवर अर्धा तास, मग १०० अंशांवर आठ मिनिटं. फिरवून झाल्यावर वरचं पाणी घेताना एकही कण सोबत येता कामा नये; तो पीसीआरमधलं मॅग्नेशियमही पकडतो आणि प्रतिक्रिया थांबते. अन्नातून किंवा पाण्यातून वाढवलेल्या कल्चरसाठी हा माझा पहिला पर्याय असेल.

फसलेल्या पीसीआरची किंमत

पंधरा रुपये की दोनशे, हा प्रश्न अपुरा आहे. मोजायचा तो एका वापरता येणाऱ्या निकालाचा खर्च. एका पीसीआरला मास्टर मिक्स, प्राइमर, अगारोज, रंग, लॅडर मिळून ८० रुपये धरू. उकळून केलं तर १५ अधिक ८०, म्हणजे ९५. शंभरातल्या ६० नमुन्यांतच बँड आला तर एका यशस्वी निकालाला १५८ रुपये पडले. किटने २०० अधिक ८०, म्हणजे २८०. यश ९५ टक्के धरलं तर २९५ रुपये. या आकड्यांत उकळणं किटपेक्षा महाग पडायला यशाचं प्रमाण एक-तृतीयांशाच्याही खाली जावं लागतं.

हा हिशेब लागू पडतो तो नमुना पुन्हा मिळण्यासारखा असेल तेव्हाच. कॉलनी उद्याही त्याच डिशवर असते. रुग्णाचा नमुना, पुराच्या दिवशीचं विहिरीचं पाणी, विषबाधेनंतर उरलेलं अन्न, हे उद्या नसतं. तिथे ‘बँड आला नाही’ याचे दोन अर्थ होतात, जिवाणू नव्हता किंवा उकळणं फसलं, आणि दोन्हींतला फरक कळला नाही तर निकालच खोटा ठरतो. म्हणून कंट्रोलचे पैसे कधीही वाचवू नका: नुसतं पाणी उकळून एक, ओळखीचा जिवाणू उकळून एक, आणि प्रत्येक लायसेटमध्ये डीएनए आहे का हे पाहणारी १६एस जनुकाची प्रतिक्रिया. ओळखीचे जिवाणू पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहातून विकत मिळतात. पहिले दोन कंट्रोल आणि पीसीआरच्या पाण्याचा तिसरा, अशा तीन प्रतिक्रियांचे बॅचला २४० रुपये. आठ नमुन्यांत वाटले तर प्रत्येकी ३०, चोवीस नमुन्यांत वाटले तर १०. नमुने साठवून एकत्र लावण्यातली बचत टिप्सच्या काटकसरीपेक्षा मोठी असते.

आणखी एक हिशेब पाणी आणि अन्न तपासणाऱ्यांनी करावा. १०० मायक्रोलिटर लायसेटातले दोनच मायक्रोलिटर आपण पीसीआरला घालतो. नळीत २०० पेशी असतील तर प्रतिक्रियेत चार पेशींचा डीएनए गेला. थेट नमुना उकळून थोडे जिवाणू सापडण्याची आशा धरू नये, आधी वाढवा. दुधाला तर हे जास्तच लागू, कारण त्यातलं कॅल्शियम आणि स्निग्धांश पीसीआर अडवतात. मातीतलं ह्युमिक आम्ल आणि रक्तातलं हीम हेही तसेच. माती आणि रक्त थेट उकळून पैसे वाचत नाहीत, त्यांना किट घ्या.

किट घ्यावंच अशी कामं

उकळलेल्या डीएनएचे दोन्ही धागे सुटे झालेले असतात आणि सोबत प्रथिनं व आरएनएही असतो. त्यामुळे नॅनोड्रॉपवरचा आकडा निरर्थक असतो. तो प्रबंधात लिहू नका. दुपदरी डीएनए मोजणारा फ्लुरोमीटर उलट कमी दाखवतो. रेस्ट्रिक्शन विकरांनी कापणं, संपूर्ण जनुकसंचाचं अनुक्रमण, लांब तुकड्यांचं वाचन, या कामांना शुद्ध डीएनए हवाच. सँगर अनुक्रमणाला मात्र उकळणं चालतं, कारण तिथे पाठवायचं असतं ते पीसीआरचं उत्पादन. एका प्रतिक्रियेला साधारण ३०० ते ७०० रुपये घेतात. जेलवर एकच स्वच्छ बँड दिसल्याशिवाय नमुना पाठवू नका.

जिवाणूची ओळख पटवणं एवढंच काम असेल आणि नमुने पाच-सहाच असतील, तर बाहेर देणं स्वस्त पडू शकतं. खासगी प्रयोगशाळा कल्चर घेऊन डीएनए काढण्यापासून अहवालापर्यंत दीड ते चार हजार रुपये घेतात. पुण्याच्या एनसीसीएसचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही ही सेवा देतं. शैक्षणिक संस्थांचा आणि उद्योगांचा दर वेगळा असतो, म्हणून अर्ज संस्थेच्या नावाने करा.

लायसेट साठवून ठेवण्यावर खर्च करू नका. उणे २० अंशांवर ते काही आठवडे चालतं, पण दर वेळी वितळवलं की बिघडतं. त्यापेक्षा २० टक्के ग्लिसरॉलमध्ये कल्चरच गोठवून ठेवा. हवं तेव्हा डिशवर रेघ ओढा आणि पुन्हा उकळा. पंधरा रुपयांत ताजं लायसेट मिळतं.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळांसाठी एक खर्च वेगळा मांडावा लागतो. आयएसओ १७०२५खाली काम करताना स्वतःची उकळण्याची पद्धत वापरायची, तर ती प्रमाणित करून दाखवावी लागते: किती नमुने, किती पुनरावृत्ती, किती कमी पेशींपर्यंत सापडतं. त्या नमुन्यांचा आणि वेळेचा खर्च धरूनच बचत मोजा. महिन्याला शेकडो नमुने असतील तर तो भरून निघतो, दहा-वीस असतील तर किट परवडतं.

कचऱ्याचा खर्चही असतोच. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार आरोग्य संस्थांच्या प्रयोगशाळांना सूक्ष्मजीवांचा कचरा जागेवरच निर्जंतुक करून मग द्यावा लागतो. महाविद्यालयांनीही वापरलेल्या डिश, तळाचा पेलेट आणि टिप्स ऑटोक्लेव्ह करूनच टाकाव्यात. १२१ अंश, १५ पौंड दाब. भरलेल्या पिशवीला नेहमीच्या पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्या, कारण पिशवीच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो.

कोटेशन मागताना प्राइमरचा प्रतिबेस दर आणि किमान प्रमाण विचारा. २५ नॅनोमोलच्या ऑर्डरमधून १० नॅनोमोल जरी हाती आला, तरी प्रतिक्रियेला ५ पिकोमोल या हिशेबाने २,००० प्रतिक्रिया होतात. मोठं प्रमाण मागवायची गरज नसते. पॉलिमरेज आणि प्रोटिनेज के बर्फाच्या पाकिटात येतात आणि त्यांच्या वाहतुकीचा आकार बिलात शेवटी वेगळा लागतो, म्हणून थंड पाठवायच्या वस्तू एकाच ऑर्डरमध्ये घाला. जीएसटी दरात धरला आहे की वेगळा, हे लेखी घ्या. मुदत संपायला किमान नऊ महिने शिल्लक असलेला माल हवा, ही अट खरेदीपत्रात लिहा. आणि खोका सोमवार ते गुरुवारच पोहोचवावा असं स्पष्ट सांगा. शनिवारी बंद महाविद्यालयाच्या फाटकावर आलेला बर्फ सोमवारपर्यंत टिकत नाही.